हिलाल टाकायला शिकतो

धुळ्याच्या मार्केट यार्डात हिलालनं अकरा वर्षांत एकही पोतं खाली पडू दिलं नव्हतं. क्विंटलभर गहू पाठीवर घेऊन तो ट्रकच्या फळीवरून चढे, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन ओटा चढतोय असं वाटे. हमालाच्या हातून पोतं सुटलं की फुटतं, धान्य सांडतं, आणि यार्डात त्या माणसाचं नावच 'सांडू' पडतं. ही नामुष्की हिलालला मरणाहून वाईट वाटे.

संध्याकाळी हाच गडी देवपूरच्या व्यायामशाळेत लोखंड उचलायचा. दिवसभर ओझी वाहून पुन्हा ओझीच! हौसेला मोल नसतं, दुसरं काय? सत्त्याऐंशी साली जळगावला स्पर्धा होती आणि तिथं एकशेदहा किलो डोक्यावर धरायचं त्यानं मनावर घेतलं. शिकवणारे जीवराम नाना, निवृत्त कवायत मास्तर, "सावकाश" म्हणून कंटाळले. पण ऐकेल तो हिलाल कसला! एके दिवशी एकशेपाच वर गेलं आणि मागं कललं. शहाण्यानं हात सोडून पुढं उडी मारली असती. हिलालनं धरून ठेवलं. कंबरेत कळ आली आणि पठ्ठ्या आठ दिवस खाटेवर आडवा.

बायको झुंबरबाई मिठाच्या गरम पुरचुंडीनं शेकायची आणि तोंडानंही शेकायची. "गोनी उचलतस ते पोटसाठे. लोखंड कसाले उचलतस? आखो कंबर धराई गई, ते व्यायामशाळा बंद!"

हिलालनं मान डोलावली. कंबर गेली तर हमाल गेला, हे त्याला कळत होतं. पण एकशेदहाचं नाव निघालं की त्याचा जीव तुटायचा.

बरा होऊन परतला तर नानांनी अजब हुकूम काढला. "महिनाभर वजन वाढवायचं नाही. फक्त टाकायला शिकायचं."

"टाकाले?"

"ज्याला टाकता येत नाही, त्याला मी एक किलो वाढवू देणार नाही."

मग काय फजिती झाली महाराजा! रिकामा दांडा डोक्यावर न्यायचा, हात सोडायचे, एक पाऊल पुढं यायचं, एवढंच काम. हिलालचे हात सुटेनात. सुटले, तर तो गर्रकन वळून दांडा झेलायला धावे. "अरे, त्यात गहू नाहीत!" नाना ओरडायचे. सोबतचा हमाल पुना एकदा बघायला आला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या यार्डाला कळलं, की हिलाल सांडायची शिकवणी घेतोय. विसाव्या दिवशी कुठं त्यानं पन्नास किलो न वळता टाकलं. तरी त्याचे कान लाल झालेच.

जळगावला झुंबरबाई सोबत आली, खरं म्हणजे पहारा द्यायला. एकशेपाच छान गेलं. एकशेदहा वर गेलं आणि तसंच मागं कललं. सभागृहात धुळ्याहून आलेली यार्डाची सगळी मंडळी बसलेली. हिलालनं हात सोडले, पाऊल पुढं टाकलं. धाडकन आवाज झाला. त्यानं कंबर हलवून पाहिली. ठणठणीत! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं सोडून त्याला हसूच आलं.

एक संधी उरली होती. "थांबायचं?" नानांनी विचारलं.

"नही नाना. आते टाकता येस ना माले."

आणि एकशेदहा वर गेलं, थरथरलं, थांबलं. पंचानं खाली ठेवायची खूण केली, लोक ओरडू लागले, तरी हिलाल आपला धरूनच उभा! सवय ती सवय. शेवटी झुंबरबाईच कडाडली, "बठ्ठा जगनी देखं! टाकी द्या आते!"

त्यानं टाकलं. पुनानं आरोळी ठोकली, नानांनी टोपी उडवली. झुंबरबाई मात्र तडक मंचावर चढली. चारचौघांत नवऱ्याजवळ कधी उभी न राहिलेली बाई ती, पण तिनं सगळ्यांसमोर त्याच्या कंबरेवर हात ठेवला.

"जागावर शे ना?"

"शे," हिलाल म्हणाला, आणि एवढा दांडगा गडी रडायला लागला.