बारा गाण्यांत नसलेली ठकुबाई

मार्गासनीच्या अमृतरावांनी पन्नास वर्षांत कशावर गाणं केलं नाही? नसबंदीवर केलं, हागणदारीमुक्तीवर केलं, सरपंचाच्या नव्या ट्रॅक्टरवर तर पाच कडवी केली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. शेजाऱ्याचा खोंड मेला, तर त्याचंही नाव गाण्यात आलं. बायको ठकुबाईचं तेवढं राहून गेलं. तिला ते फार लागायचं. पण खोंडाशी बरोबरी कशी करायची, म्हणून ती गप्प राही.

बहात्तराव्या वर्षी अमृतरावांना प्रेम आठवलं. पुण्याला जाऊन त्यांनी बारा जुन्या प्रेमगीतांचा अल्बम केला, सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली. मागं वीस व्हायोलिनं आणि एक सॅक्सोफोन. ह्याला जाझ म्हणतात, हे त्यांनी येताना एसटीच्या कंडक्टरलाही समजावलं. घरी येऊन म्हणाले, "ठकू, तुज्यासाटीच केलंय बरं का."

तिनं ते खरं धरलं. भैरवनाथाच्या देवळापुढं अल्बम वाजवायचा कार्यक्रम ठरला, त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसली. बाराही गाणी तिनं कानात प्राण आणून ऐकली. राणी आली, साजणी आली, चंद्र चार वेळा उगवला. ठकू काही आली नाही.

मग दोघांचा सत्कार झाला. जोडपं नारळ घेऊन उभं राहिलं की उखाण्याशिवाय त्याची सुटका नसते. शाळेतल्या माधुरीबाईंनी माइक आधी अमृतरावांपुढं धरला. ते खाकरले, डोळे मिटले आणि दोन मिनिटं नुसता आलाप घेतला. मग हळूच विचारलं, "कागद कुठंय?"

सगळा मांडव हसला. ठकुबाई हसली नाही. तिनं माइक ओढून घेतला.

"वीस व्हायोलिनांच्या म्होरं हे परेम गाऊन आले,
अमृतरावांचं नाव घेते, शेरडांना पाणी पाजून आले."

बारा गाण्यांना मिळून पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या.

घराकडं चालताना अमृतराव खुशीत होते. "ठकू, तुजा उखाणा झ्याक हाय. चाल लावतो."

"चाल ऱ्हाऊ द्या. हितं कुनी न्हाई, माइक न्हाई. आता तरी उखाण्यात माजं नाव घ्या."

अमृतरावांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग ते गुणगुणायला लागले. सॅक्सोफोनचा तुकडा होता, त्याला शब्द नव्हते.