धानाच्या दिवसांत खाटेवर

मी आठवीतच शाळा सोडली, आता हैदराबादला स्लॅबखाली लोखंडी प्लेटा चढवायच्या सेंट्रिंगच्या कामावर आहे. त्यामुळे गावातल्या लोकसंख्येवर मी तोंड उघडू नये, असं गोंदियातल्या माझ्या मेहुण्याचं मत आहे. असू दे. पण नसबंदी मी केली आहे, त्याने नाही.

दुसऱ्या मुलीच्या वेळी बायकोच्या अंगातलं रक्त इतकं गेलं, की दवाखान्यात बाहेरचं रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तिसरं हिला झेपणार नाही. घरी आई म्हणाली, "एक पोरगा होऊ दे, मंग कर तिचं आपरेशन." आमच्याकडे ऑपरेशन बाईचंच. बायका जीपमध्ये बसून शिबिराला जातात, टाके घेऊन परततात आणि चुलीपुढे बसतात.

मी गावच्या आशाताईंना गाठलं. भीत भीतच विचारलं, "ताई, माणसाची नळी कापतात म्हणजे काय करतात? मले पुन्हा लोखंडी प्लेट उचलता येईन ना?"

त्या हसल्या नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाल्या, "आठ दिवस वजन उचलू नका भाऊ. मंग बैल उचला."

पुरुषांचं शिबिर आलं ते धान कापणीत, मी सुटीवर होतो तेव्हाच. करून आलो. बांध्यांत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतांत, भारे पडलेले, भाऊ एकटाच वाहत होता. घरात लपून झोपता आलं असतं. मी खाट रस्त्याकडच्या अंगणात टाकली आणि दिवसाढवळ्या आडवा झालो.

"काऊन बे, बाळंत झाला का?" एकाने जाता जाता विचारलं.

"हो. बारशाले ये."

शेजारच्या काकांनी तर डोक्यावरचा धानाचा भारा माझ्या खाटेशी आणून टाकला. "उचलून दाखव. पाहू दे तुह्यात काय उरलं तं."

हात शिवशिवले. भारा माझ्यासाठी काहीच नव्हता. पण उचलला आणि सूज आली, तर साऱ्या गावात बोभाटा होईल, पाहा, माणूस कामातून गेला. मग जीपमध्ये पुन्हा बायकाच बसतील. "आठ दिवसांनी दोन उचलतो काका," मी म्हणालो. "आज नाही."

तेवढ्यात आई बांधीतून आली. माझ्याकडे न बघता भाऱ्यापाशी वाकली. "नातू नाही, आता पोरगाही नाही. मलेच उचलावं लागन."

हे मात्र लागलं. उठून बसलो, पण खाटेवरून उतरलो नाही. "आई, ठेव तो. काकांनी आनला, काकाच नेतीन."

ती थांबली. काकांनी बिडी पेटवली, दोन झुरके मारून विझवली. शेवटी त्यांनीच भारा उचलला. भावाने त्या आठवड्यात माझंही काम ओढलं.

आजही कंबर दुखली की आधी शंका येते, त्या ऑपरेशननं तर नाही ना? तरी प्लेटा चढवतोच आहे. आई फोनवर म्हणते, गावात पोरं कमी होऊन राहिली, अंगणवाडी ओस पडली, मोठी झाली की सारी तुह्यासारखी गाडीत बसतात. खरं आहे. पण गाव भरायचं काम माझ्या बायकोच्या रक्तावर होणार नाही. मी आईला सांगतो, "फोन सुनेकडे दे." आणि ती देते.