बाटलीतली नर्मदा आणि आरे-वारेची वाळू

शीतलचा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीतली कोळ्यांची जाळी काढत होते. जबलपुरात राइट टाउनला आमचं घर आहे आणि त्याच्या वर एक स्वतंत्र खोली. दिवाळीत भाडेकरू गेला तेव्हापासून आई नवा शोधू म्हणत होती आणि मी थांब म्हणत होते. कारण शीतल. शाळेपासूनची माझी मैत्रीण, नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा "दोन वर्षांत वापस येते" म्हणाली होती. दोन वर्षं झाली होती. तिचे आईबाबा आता भावाकडे नागपूरला असतात, म्हणजे परत आली तर राहायला जागा हवीच. ती जागा मी झाडून ठेवत होते.

फोनवर ती म्हणाली, रत्नागिरीला ये, एक दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरू, तुला काहीतरी सांगायचं आहे, आणि येताना नर्मदेचं पाणी आण. मी तिथल्या तिथे खिडकीला पडदा कुठला लावायचा तेही ठरवलं.

जबलपूरहून कोकणात जायचं तर आठवड्यातून एकदा कोइंबतूरची गाडी सुटते, ती थेट रत्नागिरीला सोडते. तिचं वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा आधी तपासा. नाहीतर मुंबई गाठून पुढची गाडी पकडायची. जाण्याचे दिवस थंडीचे, उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर दमटपणानं जीव जातो म्हणतात.

पाणी आईनं स्वतः ग्वारीघाटावरून भरून आणलं. तिला ते बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या भांडेवाल्याकडून तांब्याच्या गडूत, तोंडाला डाग देऊन बंद करून द्यायचं होतं. मी म्हटलं, पाठीवरच्या पिशवीत तांब्याचं ओझं नको, आणि पाण्याची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली विसळून दिली. आई नाराज झाली. पायाशी ठेवू नकोस एवढंच म्हणाली. आमच्याकडे नर्मदेत उतरतानासुद्धा आधी ओंजळभर पाणी डोक्याला लावायचं, मग पाय आत टाकायचा. आधी पाय घालणारा एक तर नवखा, नाहीतर आगाऊ.

रत्नागिरीच्या हॉस्टेलवर पोचले तर शीतल एकटी नव्हती. "ही ऋजुता," ती म्हणाली, "सगळं हिनंच जमवलंय." सगळं म्हणजे आठ जणांची जीप, सगळे पुण्याचे, पाठीवर पिशवी टाकून महिन्याला एक सहल करणारे. मला वाटलं होतं आम्ही दोघीच असणार. शीतल आता "करतीये", "जातीये" बोलते. जबलपुरात ती "करून राहिली" म्हणायची आणि शाळेतल्या मराठीच्या बाई तिला ओरडायच्या तेव्हा मी तिची बाजू घ्यायचे. त्या दोघी एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मला हेवा वाटला, आणि चांगलाच वाटला.

सकाळी निघालो. जीप आणि दोन वेळचं खाणं धरून माणशी दीड हजाराच्या आत झालं, हे ऋजुताचं कसब, मान्य आहे. मधल्या सीटवर ऋजुता आणि शीतल, मागच्या आडव्या बाकावर मी आणि सगळ्यांच्या पिशव्या. रत्नागिरीपासून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता घ्या, आतला घेऊ नका. आरे-वारेच्या घाटात रस्ता एकदम वर चढतो आणि खाली दोन किनारे दिसतात, मधे एक डोंगराचं नाक. मी पहिल्यांदाच समुद्र बघत होते. माझ्या नदीला पलीकडचा काठ असतो, माणसं असतात, देवळं असतात. ह्याला काहीच नव्हतं. सुंदर होता, पण मला त्याचाही राग आला, कारण शीतल ज्याचं कौतुक करत होती ते सगळं मला त्या दिवशी खटकत होतं.

खाली उतरून तासभर वाळूत चाललो. जीपजवळ आलो तर ड्रायव्हरदादा दार अडवून उभे. वाळूचे पाय घेऊन कोणीही आत यायचं नाही, कालच गाडी धुतलीय. मी रस्त्यापलीकडे सगळ्यांसाठी कोकम सरबत घ्यायला गेले होते. ग्लास घेऊन वळले तेव्हा ऋजुता माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातली बाटली हातात धरून, अगदी मन लावून, शीतलच्या पायांवर पाणी सोडत होती. स्वतःचे पाय तिनं आधीच धुतले होते. बाटलीत तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं.

"अगं, तुझी बाटली घेतली हं," ती मला म्हणाली, "पुढे नवीन घेऊ."

मी सरबत वाटलं. खरं सांगायचं तर रागाबरोबर एक बारीकसा आनंदही झाला. एवढी गुणाची, सगळं जमवणारी मुलगी एकदाची चुकली होती, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं. बाटली तिच्या हातून घेऊन मी जीपमध्ये मांडीवर ठेवली.

गणपतीपुळ्याला दर्शन पटकन झालं. तिथे समुद्रात पोहायला उतरू नका, पाण्याला ओढ आहे, पाट्याही लावल्या आहेत. जेवण देवळाजवळच्या एका घरगुती खानावळीत घेतलं: आमटी-भात, काजूची उसळ, सोलकढी आणि आधी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. मोदकावर तूप घालता घालता ऋजुता मला म्हणाली, "वास्तुशांतीला तू आदल्या दिवशीच ये, माझ्याकडे राहा. शीतलच्या फ्लॅटवर तेव्हा सगळा पसारा असेल."

शीतलनं मान वर केली नाही. मी मोदक संपवला. फार चांगला होता, आणि त्याची चव मला आजही सांगता येणार नाही.

म्हणजे सांगायचं होतं ते हे. पुण्यात घर घेतलं होतं. परत येणं नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की ऋजुताला आधी माहीत होतं.

मालगुंड मागे टाकून जयगडला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. जयगडचा किल्ला बघण्यासारखा आहे, बुरुजावरून खाडी समुद्राला मिळताना दिसते. माझ्या फोनमध्ये मात्र त्याचा एकही फोटो नाही. तिथून जीपसकट फेरीबोटीत चढायचं आणि खाडी ओलांडून पलीकडे तवसाळला उतरायचं. थोडाच वेळ लागतो, पण गाडीत बसून राहू नका, कठड्याशी उभे राहा. मी उभी राहिले. शीतल माझ्यामागून आली.

"नर्मदामाईचं पाणी आणलं न?" तिनं विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा ती जबलपूरचं बोलली.

"आणलं. सकाळी तुझे पाय धुतले त्यानं."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. समजायला तिला वेळ लागला नाही, तिनंही ग्वारीघाट पाहिला आहे.

"तेव्हा काहून नाही बोलली?"

"तू काहून नाही बोलली? मी वरची खोली रिकामी ठेवून राहिली तुझ्यासाठी. दिवाळीपासून."

खोलीचं तिला माहीतच नव्हतं. ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, "फोनवर सांगितलं असतं तर तू 'अच्छा, चलो' म्हणून फोन ठेवला असता. मग सहा महिने काहीच नाही. मला माहीत आहे न तू. म्हणून इथं बोलावली, इथून कुठं पळशील."

मी अगदी तेच केलं असतं. रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं. तिला वाऱ्याचं कारण सापडलं नाही, ती सरळ रडली. मग तिनं माझ्या हातून बाटली घेतली, झाकणात थोडं पाणी ओतून आधी स्वतःच्या डोक्याला लावलं, मग माझ्या. "नर्मदे हर," ती म्हणाली. खाडीच्या मधोमध, भोवती सगळं खारं पाणी, आणि मीही सवयीनं "नर्मदे हर" म्हटलं.

तेवढ्यात ऋजुता फोटो काढायला आली आणि काय चाललंय म्हणून विचारू लागली. शीतलनं तिला डोकं पुढे करायला सांगितलं आणि उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर घातलं. माझ्यापेक्षा जास्त घातलं, हे मी पाहिलं. मग तिला सगळं सांगितलं. ऋजुताचा चेहरा पडला. आधी तिनं पाण्याला हात जोडले, खाडीच्या का होईना, आणि मग मला म्हणाली, "मंजू, मला खरंच कळलं नाही गं." डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसावर रागावता येत नाही, आणि मला नेमका त्याचाच राग आला.

पलीकडे हेदवी आणि वेळणेश्वर केलं. वेळणेश्वरचा किनारा अर्धगोल आणि शांत आहे, वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळा पण तो गाळू नका. परतीच्या फेरीबोटीला उशीर करू नका, शेवटची चुकली तर लांबचा फेरा पडतो. जीपमध्ये शीतल मागच्या आडव्या बाकावर येऊन बसली, पिशव्यांमध्ये, माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. पुढून ऋजुतानं दोनदा वळून बघितलं. बघू दे, म्हटलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, पाणी दिलंस ना तिला? मी म्हटलं, दिलं. खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फाटकावर "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी लावली. एक बँकेतली मुलगी येऊन बघून गेली, तिला पडदा आवडला.

लोक विचारतात समुद्र कसा होता. मोठा होता. माझ्या लक्षात राहिली ती खाडी, आणि झाकणभर पाणी.

वास्तुशांतीचं तिकीट काढलं आहे. परवा शीतलचा फोन आला, ऋजुतालाही देवघरात ठेवायला नर्मदा हवी म्हणते, जमेल का? मी जमेल म्हटलं. काल स्कूटर काढून ग्वारीघाटावर गेले, पाणी डोक्याला लावलं आणि दोघींचं भरून आणलं. शीतलचं बड्या फुहाऱ्याहून तांब्याच्या गडूत बंद करून घेतलं आहे. ऋजुताचं प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवलं आहे.