साहेबांच्या तारखेचे गहू

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा आमच्या पर्यावरण संघटनेची पत्रकंच जास्त होती. हवेच्या प्रदूषणाचा कायदा नुकताच झाला होता आणि तो कुठेच पाळला जात नाही, अशी माझी खात्री होती.

नागपुरात सकाळी आठलाच ऊन डोक्यात शिरत होतं. स्टेशनवरून तडक प्रदूषणाच्या कचेरीत गेलो. तिथले तरुण तपासनीस मंगळवारी एका वीजकेंद्राची धुरांडी तपासणार होते. केंद्राला तसं कळवलंही होतं.

मी भडकलो. “चोराला सांगून धाड घालता?”

ते ओशाळले. “बरं, बुधवारी जातो. कुणाला बोलू नका.”

मी शीळ घालत बाहेर पडलो.

मंगळवारी बसने केंद्राशेजारच्या गावात उतरलो आणि चक्रावलो. माझ्या पत्रकातलं राखेचं गाव कुठे होतं? आकाश निळं, आणि छपरांवर, खाटांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया.

आमच्या तक्रार अर्जावर पहिली सही करणाऱ्या शांताबाईंनी मला गव्हाचा गरम चीक दिला, वर दूध-साखर.

“धूर कुठंय?” मी विचारलं.

“आज साहेब येऊन राहिले नं गा भाऊ! त्या दिवशी राख पकडाची मशीन चालू ठेवतेत. एरवी बंद. केंद्रातल्या पोरांकडून तारीख कळली का आमी तीन दिवस आधी गहू भिजवतो.”

शेजारीण हसली. “सायबाच्या नावानं कुरडया!”

शांताबाई मुलीकडे पाहून म्हणाल्या, “हे रत्नाच्या रुखवताचं. मोठीच्या रुखवतात काळ्या गेल्या. तिची सासू अजून बोलते.”

मी चिकाची वाटी खाली ठेवली. “शांताबाई, साहेब आज येत नाहीत. उद्या येतील.”

“काहून?”

“मीच सांगितलं.”

शांताबाई उठल्या. पदर खोचून छपराकडे धावल्या. वाट पाहून साहेब येत नाहीत असं केंद्रानेही धरलं असावं. दुपारी धुरांडी काळा धूर ओकू लागली. कुरडया ओल्याच होत्या. उचलल्या की तुटत, ठेवल्या की राख धरत. मी कापड धरून उभा होतो. कुठलं टोक कुणाकडे द्यायचं तेही सुचेना.

बुधवारी तपासनीस आले. बंद मशीन सापडलं, नोटीस निघाली. पुरावा म्हणून मी काळी कुरडई पुढे केली. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. “हिला रकाना नाही हो,” म्हणाले आणि परत दिली.

बसपाशी शांताबाईंनी विचारलं, “पुढची तारीख कधी गा?”

“आता तारीख सांगणार नाहीत. त्यातच तर आपण जिंकलो.”

“मंग गहू कधी भिजवू?”

मी म्हणालो, “आता मशीन रोज चालेल.”

“चालली तं पत्र टाकीन,” त्या म्हणाल्या आणि कुरडयांची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. पत्रकं चुरगळली.

पुण्यात परत येऊन त्या तळल्या. फुलल्या छान, पण करड्या. नव्या पत्रकात ‘तपासणी न सांगता झालीच पाहिजे’ असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. राख अजून दाताखाली करकरते आहे. पत्र अजून आलेलं नाही.