मधानंतरचे दिवस

पाण्याच्या टाकीपाशी चढ संपतो. तिथं ती पुन्हा थांबली. छातीशी बांधलेल्या झोळीची कड तिनं बोटानं खाली केली आणि मला म्हणाली, "मावशी, ही डावी पापणी बघा. उजवीपेक्षा खाली वाटते का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. बाळ टक्क जागं होतं. दोन्ही डोळे सारखेच होते, आणि उन्हात थांबवल्याबद्दल दोन्हींत सारखीच नाराजी होती.

"सारख्या आहेत गं."

"माझ्या समाधानासाठी सांगू नका हं."

"जे दिसलं ते सांगितलं. चल, सावलीत तरी चल."

आमच्या बाजूचा रस्ता नळाच्या कामासाठी खणून ठेवला होता, त्यामुळे बस येत नव्हती. दवाखाना टेकडीपलीकडे, म्हणून आम्ही चालत निघालो होतो. तिची थोरली, पाच वर्षांची, मागून येत होती. हात धर म्हटलं तर धरत नव्हती. आम्ही थांबलो की तीही मागेच थांबायची, जणू आमच्याबरोबर आलेलीच नाही.

बाळाला कालपासून शी झाली नव्हती. एरवी एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी टेकडी ओलांडत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी ज्या खुणा सांगून ठेवल्या होत्या, त्यांतली ही पहिली होती. शी थांबली, दूध ओढायचा जोर कमी झाला, रडणं बारीक झालं, पापण्या जड झाल्या, मान सैल पडली, तर असेल तशी निघून या.

हे सगळं कशावरून, ते सांगण्याआधी ती कोण ते सांगायला हवं. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. घरी बसून पडदे शिवते. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून थोडेच दिवस घरी असतो. इमारतीत तिला 'घरचंच' म्हणतात, कारण काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं. हे लोणी कुठलं गं? घरचंच. हा साबण? घरचंच. ब्रेडसुद्धा घरचंच, व्याकरण गेलं चुलीत. तिचा नवरा म्हणायचा, "या घरात बाहेरून आणलेली वस्तू म्हणजे फक्त मी."

मला आधी वाटायचं, हौस आहे पोरीला. मग एकदा मटार सोलता सोलता ती बोलली. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायची. तुटकी बिस्किटं कामगारांना घरी न्यायला मिळत. आई संध्याकाळी येऊन जी आडवी व्हायची, ती सकाळच्या भोंग्यालाच उठायची. मग लेकीनं चहा करायचा आणि दोघींनी त्यात बिस्किटं बुडवून खायची. हेच जेवण. "शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या अंगाला काय छान वास येतो," ती म्हणाली. "मावशी, तो वास आला की मला अजून मळमळतं." दुधाचे दात पडायच्या आधीच तिच्या दाढा किडल्या होत्या. आईला मात्र ती कधी बोल लावत नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मी ठरवलं होतं, माझ्या पोरांना कणीक कशी फुगते ते ठाऊक असेल."

आणि ठाऊक होतं. तिच्या ओट्याखाली एक कप्पा खास मुलांचा होता. त्यात छोटी लाकडी पाटी, धार नसलेली सुरी, पिठाचा डबा, मनुका, लाकडी चमचा. घराचा नियम असा, की या कप्प्यातलं काहीही न विचारता घ्यावं, इथं आहे ते सगळं चांगलंच आहे. दुसरा नियम, आपण केलेलं आधी दुसऱ्याला द्यावं, मग आपण खावं. थोरली चालायला लागली तशी त्या कप्प्यासमोर बसायला लागली. पीठ नाकाला, पीठ केसांना. बापानं तिचं नाव ठेवलं आचारीणबाई. धाकटा झाल्यावर त्याचं नाव तिनं ठेवलं, बटाटा. अगदी योग्य ठेवलं.

मधाची बरणी त्याच कप्प्यात असायची. गावाबाहेर एक बाई मधमाश्या पाळतात, त्यांच्याकडून ती डब्यात मध आणायची आणि काचेच्या बरणीत ओतून ठेवायची. साखर तिच्या घरात नव्हतीच.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे तिला माहीत होतं. तपासणीच्या वेळी नर्सनं सांगितलं होतं. मधात कधीमधी असे जंतू असतात, की मोठ्यांच्या पोटात ते नुसतेच येऊन जातात, तान्ह्याच्या पोटात मात्र रुजतात आणि विष तयार करतात. मग बाळ हळूहळू लुळं पडत जातं. फार क्वचित होतं. पण होतं. एवढं माहीत असूनही बरणी वरच्या फळीवर ठेवायचं तिच्या मनात आलं नाही. कसं येणार? त्या कप्प्यात सगळं चांगलंच होतं.

बटाट्याला नुकतं वरचं खाणं सुरू केलं होतं, कुस्करलेल्या पेअरचा एखादा घास. त्या सकाळी ती शेजारच्या खोलीत मशीनवर पडद्याची कड घालत होती. आतून आवाज येत होता, "आ कर बटाट्या. अजून मोठा आ." तिला बरं वाटत होतं. कड संपवून ती आत गेली तर दोघांची तोंडं माखलेली. तिनं फोटो काढून मला पाठवला. मी लिहिलं, आचारीणबाईंना बढती द्या. आणि मग तिनं पेअर कितपत पिकलंय बघायला वाटीत बोट घालून चाटलं.

तिची किंकाळी मला वरच्या मजल्यावर ऐकू आली. मी खाली पोचले तेव्हा ती ओल्या फडक्यानं बाळाचं तोंड पुसत होती, जीभ पुसत होती, आणि पोरीला विचारत होती, "काय घातलंस यात? काय घातलंस?"

पोर भिंतीला टेकली होती. हातात चमचा. ती म्हणाली, "चांगलं घातलं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तपासलं. पोटात गेलं ते गेलं, आता फक्त लक्ष ठेवायचं, म्हणाल्या. काही व्हायचं असेल तर ते पुढच्या काही आठवड्यांत कधीही दिसू शकतं. बहुधा काही होणार नाही. तिनं त्यातलं 'बहुधा' तेवढं घरी आणलं.

त्यानंतरचं घर ओळखू येत नव्हतं. खालचा कप्पा रिकामा केला. स्वयंपाकघराच्या दाराला वरून कडी लावली, पोरीचा हात पोचणार नाही अशी. ब्रेड बंद, लोणी बंद. मशीन पडद्याखाली झाकलेलं. आणि ती पाकिटं आणायला लागली. बाळाला पाकिटातली तांदळाची पेज आणि पोरीला बिस्किटं. मी न राहवून विचारलं, "अगं, तू आणि बिस्किटं?"

"पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं, मावशी. काय घातलंय, किती वयाला चालतं. चूक झाली तर त्यांची."

नवरा फोनवरून म्हणायचा, "बाळ हसतंय ना? मग तू कशाला रडतेस?" ती फोन बाळाच्या तोंडाशी धरायची आणि विचारायची, "नीट ऐका, आवाज बारीक झालाय का?" बिचारा हजार मैलांवरून काय ऐकणार.

पोरीकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही उशिरा गेलं. ती कडीखाली दाराबाहेर बसायची. बाळाच्या जवळ जायची नाही. खाऊ हातात दिला की विचारायची, "हे खाल्लं तर चालेल?" एकदा जिन्यात मला गाठून म्हणाली, "आजी, बटाटा मोठा होणार ना?"

"होणार तर."

"कधी कळेल?"

देवाकडे काही मागत बसायची मला सवय नाही, त्याला कळतं अशी माझी समजूत आहे. पण त्या दिवसापासून मी जिना चढता-उतरता त्याला आठवण द्यायला लागले. आज टेकडी चढतानाही मनात तेच चाललं होतं.

उतारावर मी पोरीसाठी मुद्दाम मागे राहिले. "पाय दुखले का गं?" तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, डॉक्टर मला विचारतील का?"

"काय विचारतील?"

मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. बाळाच्या आईनं न राहवून तिला सगळं सांगितलं. भीती पोटात मावत नाही तेव्हा माणूस कुणालाही सांगतो. म्हातारी म्हणाली, "एवढंच ना? आमच्या वेळी सगळ्यांनाच चाटवायचे. कुणाला काय झालं?"

"ज्यांना झालं त्यांच्या आया असं म्हणत नसतील, आजी."

म्हातारीनं नातवाला उगाच जवळ ओढलं.

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोळ्यांसमोर बॅटरी फिरवली, हाताला धरून उठवून मान पाहिली, बोट मुठीत दिलं. त्यांना ते सोडवून घ्यायला जोर लावावा लागला. मग म्हणाल्या, "इथंच पाजा, मला बघू दे." ती पाजायला बसली. खोलीत फक्त चुटूचुटू आवाज. मी भिंतीकडे बघत राहिले.

"हा तर इंजिनासारखा ओढतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरचं काय देता?"

"पाकिटातली पेज. तांदळाची."

"आणि पेअर?"

"बंद केलं."

"का?"

तिनं झोळीची कड सारखी केली.

"तांदळानं बांधलं असेल पोट. पेअर पुन्हा सुरू करा. आज-उद्यात होईल शी. नाही झाली तर परत आणा."

"म्हणजे धोका टळला?"

"टळत आलाय. टळला असं मी आज म्हणणार नाही. अजून थोडे दिवस लक्ष ठेवा, पण झोपा जरा. बाळापेक्षा तुमचे डोळे जास्त जड दिसताहेत." मग त्या दाराकडे वळून हसल्या. "आणि ही कोण? ताई का तू याची?"

पोर दाराला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात मागे. ती घाईघाईनं म्हणाली, "आज मी त्याला काही दिलं नाही."

डॉक्टरीणबाईंचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण त्यातलं हसू गेलं. बाळ पीत होतं. आमची 'घरचंच' मान वळवून पोरीकडे बघत राहिली. इतके दिवस ती एकाच चेहऱ्यावर खुणा शोधत होती. दुसरा चेहरा तिनं, मला वाटतं, तेव्हाच पाहिला.

"नाही गं राणी," ती म्हणाली, "कुणी म्हणतंय का तसं?" पण म्हणताना तिनं हात बाळाच्या तोंडाआड धरला आणि पोरीनं तो हातच तेवढा पाहिला. ती दार उघडून बाहेर गेली.

बाहेर छपराखाली एक बाक होता. आम्ही दोघी टेकलो. पोर पुढे जाऊन, इथवर आलेल्या नळाच्या खड्ड्यात काम करणारी माणसं बघत उकिडवी बसली, आमच्याकडे पाठ करून. बाळ झोपलं होतं आणि आज पहिल्यांदाच ती त्याच्या पापण्यांकडे बघत नव्हती.

"त्या दिवशी मी तिच्या हातातून वाटी हिसकावली ना," ती म्हणाली, "तेव्हा ती माझ्यासाठी घास काढून ठेवत होती. बाजूला दुसरी वाटी होती. मी ती पण सिंकमध्ये ओतली."

"विसरतील पोरं," मी म्हटलं. माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

"मावशी, तुमच्याकडे एक मागते, नाही म्हणू नका. उद्या हिला वर तुमच्याकडे पाठवते. तुमच्या ओट्यावर तिला काहीतरी करू द्या. काकडी चिरू दे, पीठ कालवू दे, काहीही. आणि ती जे करेल ते तिच्यासमोर बसून तुम्ही खा. सगळं खा. खरं तर मीच खायला हवं, कळतंय मला. पण तिनं चमचा पुढे केला आणि माझ्या तोंडावर भीती दिसली, तर ती परत कधी कुणाला काही देणार नाही. माझं तोंड माझ्या ताब्यात येईपर्यंत, तेवढे दिवस, माझ्या वाटचं तुम्ही खाल?"