बुटक्यांच्या दाढीचा ठराव

शिकागोतल्या त्या वर्षी आम्ही चौघं दर शनिवारी दुपारी बुटक्यांच्या राज्यात जायचो. तिघं बुटके व्हायचो आणि चौथा देव. देव म्हणजे आमच्यातला पुणेकर. त्याच्या लॅबमधल्या एका अमेरिकन मुलानं त्याला हा फाशांचा खेळ शिकवला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि पुढे काय करायचं ते बोलून ठरवायचं. ते जमलं की फसलं, ते फासे सांगणार. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत माझं आणि माझ्या मुंबईच्या रूममेटचं अपार्टमेंट होतं. तिथल्या कार्पेटवर, चहा आणि चिवडा घेऊन आम्ही बसायचो.

पुणेकराची गोष्ट साधी होती. डोंगराच्या पोटात बुटक्यांचं जुनं राज्य. एका ड्रॅगननं डोंगर घेतला, उरलेसुरले बुटके मैदानात आले. आता तीन वीर बुटक्यांनी परत जायचं, ड्रॅगन मारायचा, खजिना आणायचा.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

"कोण बाकीचे?"

"डोंगरातून बाहेर पडलेले. बायका, म्हातारे, पोरं. ते कुठे राहतात? पाणी कुठलं पितात?"

"ते महत्त्वाचं नाहीये गं," पुणेकर म्हणाला. "ते पार्श्वभूमीला आहेत."

मला राग आला. मी पार्श्वभूमीतच वाढले होते. आमचं गाव माझ्या जन्माआधी धरणात गेलं आणि बदल्यात मिळाली ती पांढरी, क्षारपड जमीन. तिच्यात मीठ वर यायचं आणि ज्वारी हातभर होऊन करपायची. बाबा धरणग्रस्तांच्या चळवळीत होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती सायक्लोस्टाइलच्या शाईत, कारण स्टेन्सिलवरच्या चुका शोधायचं काम बाबांनी मला लहानपणीच दिलं होतं. ठराव, अनुमोदन, निषेध हे शब्द मला चिऊकाऊच्या गोष्टींबरोबरच आले.

मग मी खजिन्याकडे जायलाच नकार दिला. आधी मैदानातल्या बुटक्यांची सभा घेतली. त्यांची राहुट्यांची जागा ठरवली. शिवाय एकेका शनिवारी एकेक पत्रक लिहून आणू लागले, बुटक्यांच्या वतीनं. प्रत्येक निर्णय ठराव मांडून, अनुमोदन घेऊन, हात वर करूनच व्हायचा.

"हे बुटके आहेत की हाउसिंग सोसायटीची जनरल बॉडी?" पुणेकर वैतागून म्हणायचा. पण खेळ सोडून कुणी गेलं नाही. उलट सगळ्यांना चटक लागली. रूममेट बुटक्यांची वैदू झाली. आमचा तिसरा बुटका, नागपूरकर, मेकॅनिकलचा, डिसेंबरात डिग्री संपणारा, दगडफोड्यांचा मुखिया झाला. सपाटीवर राहून कंटाळलेल्या आपल्या लोकांसाठी तो कुठूनकुठून विनोद आणायचा.

जूनमध्ये मैदानातल्या राजानं बुटक्यांना जमीन देऊ केली, दलदलीच्या कडेची, क्षारपड. पुणेकरानं ती मुद्दामच तशी केली असावी. माझ्या गोष्टी ऐकून ऐकून तोही आता तरबेज झाला होता. मी तिथल्या तिथे पत्रक लिहिलं. ही जमीन आम्ही घेणार नाही. आमच्या पसंतीच्या डोंगराला आमच्या हातांनी दरवाजा बसत नाही तोवर एकही बुटका दाढीला कात्री लावणार नाही, आणि भीतीपोटी तर मुळीच नाही.

"बुटक्यांना दाढी असते, आपल्याला काय?" रूममेट हसली.

"मी आहे ना," नागपूरकर म्हणाला. "तसंही दाढी करायचा मला कंटाळाच आहे बाप्पा. आजपासून बंद. बुटक्यांच्या नावानं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. ऑगस्ट संपेपर्यंत त्याची दाढी हनुवटीखाली दोन-तीन बोटं उतरली होती. दाट, काळी आणि विंचरलेली. तिचे तो फार लाड करायचा.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर डेव्हनवर एका आठवड्यात इतके झेंडे लागले की दुकानांच्या काचांतून आतली मिठाई दिसेना. साडीच्या दुकानातल्या पुतळ्याच्या हातातही झेंडा दिला होता. आम्ही किराणा घ्यायचो त्या दुकानातल्या काकांनी दारावर 'आम्हाला अमेरिकेचा अभिमान आहे' असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चिकटवलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "बेटा, काच महाग असते." दूरच्या एका राज्यात पेट्रोल पंपावरच्या शीख माणसाला गोळ्या घातल्याची बातमी आली तेव्हा दुकानातला रेडिओ कुणीतरी बंद केला आणि सगळे गुपचूप डाळी निवडत राहिले.

मला इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती. आमच्या नव्या गावात पोलीस यायचे, बाबांना घेऊन जायचे, पण तेव्हा समोर कोण आहे ते माहीत असायचं. त्याचं नाव पत्रकात छापता यायचं. इथे कुणाचं नाव छापू? शेजारच्या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस तो असू शकत होता किंवा कुणीच नव्हता. मी रस्त्यात मराठी बोलणं कमी केलं. फोनवर आईशी बोलताना खिडकी लावून घ्यायला लागले. पावलांचा आवाज आला की जिन्यात थांबायचे.

एका दुपारी मी आणि नागपूरकर किराणा घेऊन बसस्टॉपवर उभे होतो. एक गाडी हळू झाली. खिडकीतून काहीतरी उडून आलं आणि त्याच्या छातीवर फुटलं. कोकचा मोठा कप होता, बर्फासकट. आतून कुणीतरी ओरडलं, घरी जा. गाडी निघून गेली. स्टॉपवरची बाई फुटपाथकडे बघत राहिली.

नागपूरकरानं दाढीतून बर्फाचा खडा काढला. "डाएट होता," तो म्हणाला. "नाही तर चिकट झालं असतं."

मी रडायला लागले. पिशवीतली कोथिंबीर घट्ट धरून रडले.

"अबे, रडून काय राहिली तू? मला लागलं का?"

"दाढी काढ," मी म्हटलं. "आज काढ. घरी जाऊन लगेच."

"का?"

"कारण तू तसा दिसतोस!"

"कसा?" त्यानं खरंच विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही. माझ्याच तोंडून ते बाहेर पडणार होतं, याचीही मला भीती वाटली.

त्यानं दाढी काढली नाही. रूममेटनं सांगून पाहिलं, पुणेकरानं सांगून पाहिलं. नागपूरहून त्याच्या आईनं रडत फोन केला. तो सगळ्यांना हो हो म्हणायचा. माझ्याशी मात्र सरळ बोलला.

"तुझ्या पत्रकात काय लिहिलंय बघ. भीतीपोटी तर मुळीच नाही. ते तू लिहिलं तेव्हा मला वाटलं, चला, आपण आयुष्यात एक गोष्ट तरी नीट पाळू. मी काय कधी कशाला धरून राहिलो नाही. कॉलेजात संप झाला तर मी कँटीनमध्ये बसलो होतो."

"तो खेळ होता."

"तुला तरी खेळ वाटला का कधी?"



ऑक्टोबरात त्याला इंडियानातल्या एका लहान गावातून मुलाखतीचं बोलावणं आलं. कारखान्यातली नोकरी, व्हिसा देणारी. त्या महिन्यात कंपन्या माणसं काढत होत्या, घेत कुणी नव्हतं, म्हणून हे बोलावणं सोडण्यासारखं नव्हतं. सोमवारी निघायचं होतं. त्याच्याकडे गाडी नव्हती, तेव्हा लांब पल्ल्याच्या बसनं, एकट्यानं, मक्याच्या शेतांमधून. मध्ये एका ठिकाणी बस बदलायची होती. तो त्या स्टॉपवर उभा आहे, दाढीवर मफलर घेऊन, आणि त्याच्या भोवती लोक आहेत, हे मला दिवसाढवळ्या दिसायला लागलं. जेवण जाईना. मी त्याच्या बसचं वेळापत्रक पाठ केलं होतं, जणू पाठ केल्यानं काही टळणार होतं.

शनिवारी आम्ही जमलो. पुणेकरानं नकाशा पसरला. मी उभी राहिले. खेळात ठराव मांडताना मी नेहमी उभी राहायचे.

"राजानं देऊ केलेली क्षारपड जमीन स्वीकारावी, तिथेच वस्ती करावी आणि आजच दरवाजा उभा करावा, असा ठराव मी मांडते."

रूममेटच्या हातातला चिवडा तसाच राहिला. पुणेकर माझ्याकडे बघतच राहिला. "तू? ती जमीन? तुझी चार पत्रकं आहेत तिच्याविरुद्ध."

"ती मी मागे घेते."

नागपूरकराला सगळं कळलं होतं. दरवाजा बसला की दाढीचा ठराव संपत होता. तो माझ्याकडे बघून हसला, पण डोळे तसे नव्हते. मग तो उभा राहिला आणि दगडफोड्यांच्या मुखियाच्या आवाजात बोलायला लागला. त्यानं इतकं चांगलं भाषण केलं की माझे बाबा तिथे असते तर त्यांनी पुढच्या सभेला त्याला नेलं असतं. या जमिनीत काही उगवणार नाही, हे आपल्याला माहीत आहे. आज ही घेतली की उद्या राजा म्हणेल, तुम्हाला मिळालं ना, मग डोंगर कशाला मागता? आपली पोरं मिठात खेळतील आणि त्यांना वाटेल, जमीन अशीच असते. दरवाजा कुठेही बसवता येतो. पण आपल्यातली एक बाई घाबरली म्हणून तो बसवायचा का?

शेवटचं वाक्य तो हळू बोलला.

"हो," मी म्हटलं. "ती घाबरली आहे. तिला मतदान हवंय."

रूममेटनं अनुमोदन दिलं. आम्हा दोघींचे हात वर. विरोधात एक हात. ठराव मंजूर.

आमच्या गावाकडच्या सभांमध्ये एक पद्धत होती. हरलेल्यानं बाहेर जाऊन वेगळी चूल मांडायची नाही. ठराव पास झाला की विरोध करणारा पहिला कामाला लागतो, म्हणजे उद्या पोलिसांसमोर कुणी फुटलं असं दिसत नाही. ही पद्धत मीच या खेळात आणली होती. नागपूरकर फासे उचलून म्हणाला, "मुखिया दरवाजा उभा करतो. चला."

फासे पुणेकरानं समोर आडोशाला उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे घरंगळले. तिथे काय पडलं ते आम्हाला दिसायचं नाही. देवानं बघून सांगायचं. पुणेकरानं खाली पाहिलंच नाही. तो नागपूरकराच्या तोंडाकडे बघत होता.

"उभा राहिला," तो म्हणाला. "पक्का."

दाढी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापली, मग बाथरूममध्ये रेझर. सिंक तुंबलं. रूममेट बाहेरून ओरडली, "यार, डिपॉझिट जाईल आमचं!" तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचे दोन रंग होते, वर उन्हातला आणि खाली पांढरट. बारावीतला मुलगा वाटत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी सगळ्यांना पोळ्या करून वाढल्या.

सोमवारी सकाळी मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेले. शिऱ्याचा डबा दिला. रांगेत आमच्या पुढे मागे बरीच माणसं होती. गणवेशातला रक्षक रांगेवरून नजर फिरवत आला आणि नागपूरकरापाशी थांबला. बाजूला ये म्हणाला. बॅग उघडायला लावली. कपडे, मुलाखतीचा टाय, थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक, एकेक टेबलावर. डबा उघडून वास घेतला. हे काय आहे म्हणून विचारलं. रव्याचं गोड, तो म्हणाला. मागची एक बाई आपल्या मुलाला घेऊन रांगेत दोन माणसं मागे सरकली. बाकी कुणाचीच बॅग उघडली गेली नाही.

टाय परत घडी घालताना त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आता काय काढू?" तो म्हणाला.

मी डब्याचं झाकण लावून दिलं. तो बसमध्ये चढला.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. फोनजवळ बसून राहिले. गाडीचा आवाज आला की घड्याळात बस बदलायची वेळ झाली का ते बघायचे. संध्याकाळी फोन वाजला.

"पोहोचलो. मॉटेल बरं आहे."

"कुणी काही बोललं?"

"नाही. शेजारी कुणी बसलंच नाही, बस भरलेली असून. पाय पसरून झोपलो मस्त." थोडा थांबला. "ऐक. मी वाटेत विचार करून राहिलो होतो. त्या जमिनीत आपण दरवाजा आधी केला, चुकलं. मीठ निघायला आधी काहीतरी करावं लागत असेल ना? तुझ्या बाबांना विचार. शनिवारी लागेल."

गावी सकाळ झाली होती. मी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबले. बाबांनी फोन उचलला.

"बाबा, आपली क्षारपड जमीन तुम्ही कशी सुधारली?"

"का गं? तिकडे कुणाला मिळाली असली जमीन?"

"आमच्या लोकांना," मी म्हटलं.

आमचे लोक कोण, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मग घेतली कशाला?"

"मला भीती वाटली, बाबा."

बाबा खाकरले.

"कागद आहे का जवळ? घे. आधी उतार कुठे आहे ते बघायचं. खालच्या अंगाला चर खणायचा, कमरेएवढा. पाणी थांबू द्यायचं नाही. पहिल्या वर्षी काही येणार नाही, ते लोकांना आधीच सांगून ठेवायचं..."

मी लिहून घेऊ लागले.