लेडीज सायकलचा फर्मा

मिस्त्री,

तुमच्या गाडीखरेदीची हकीकत लिहायला घेतली आहे. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सगळ्या गल्लीने पाच महिने तुमचा तो लाकडी सापळा पाहिला, ज्याने त्याने त्यावर तोंडसुख घेतलं आणि खरं काय झालं ते कुणालाच धड माहीत नाही. तेव्हा एकदाचं लिहून टाकलेलं बरं. पुढे तुम्हाला 'तुम्ही' म्हणणार नाही. माणसाला समोर उभं करून त्याच्याबद्दल खरं सांगता येत नाही. काही चुकलं तर वर येऊन सांगा. एकोणीस पायऱ्या आहेत, तुम्हीच मोजल्या आहेत.

मिस्त्रींचा धंदा स्वयंपाकघरातल्या कपाटांचा. इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या अंगाला वर्कशॉप, पहिल्या मजल्यावर घर. घरात पोस्टाच्या काउंटरवर नोकरी करणारी बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. ही मुलगी कुठल्याही गोष्टीवर उलटतपासणी घेते, म्हणून तिला घरात वकीलबाई म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापिका एकटीच राहते. तिला सगळे मावशी म्हणतात.

मिस्त्रींची कामाची एक पद्धत होती. कोपरा वाकडा असला, मधे पाइप आला, भिंत कललेली असली, तर ते आकडे लिहून घेत नसत. पातळ पट्ट्या ठोकून त्या जागेचा हुबेहूब फर्मा करायचे, तो खांद्यावर टाकून वर्कशॉपमध्ये आणायचे आणि पुढचं सगळं काम त्या फर्म्यावरून. मूळ जागेकडे पुन्हा फिरकायचे नाहीत. थेट तयार कपाट घेऊनच जायचे, आणि ते कपाट बसायचं. तीस वर्षांत एकदाही दोन सूत इकडे की तिकडे झालं नाही, असं ते सांगत आणि ते खरंही होतं.

नवरा-बायको दोघंही सायकलवाले. लग्नाआधीपासूनचे. रविवारी सकाळी दोघं शहराबाहेरच्या तलावापर्यंत जाऊन येत. पुढे वकीलबाईही जाऊ लागली. गाडी येण्याच्या दोन वर्षं आधी असंच परत येताना पुलाच्या उतारावर मिस्त्री पुढे होते. सिग्नल लाल व्हायला आला होता. "चल, चल, निघून जाऊ," असं ओरडून ते पार झाले. बायकोचं चाक गटाराच्या झाकणावरून घसरलं. मिस्त्रींनी मागे पाहिलं ते पुढच्या चौकात गेल्यावर.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, चार महिन्यांनी ती पोस्टात जाऊ लागली. थोडी लंगडते, जिना उतरताना कठडा धरते. एरवी ठणठणीत. बिघडले ते मिस्त्री. माणूस तसा बडबड्या, पण जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसू लागला. बायकोची हिरवी लेडीज सायकल दुरुस्त करून त्यांनी जिन्याखाली ठेवली, मावशींच्या जुन्या सायकलीला टेकवून, आणि दोन्हींवर मिळून एक ताडपत्री टाकली. त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: ती पुन्हा एकदा त्या सायकलवर बसली की तो दिवस पुसला जाईल. तोवर नाही.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "रस्ता सपाट असता आणि मोकळा असता, तर बघितलं असतं बसून."

झालं. मिस्त्रींना तेवढं पुरलं. सपाट आणि मोकळा रस्ता म्हणजे तलावाच्या बांधावरचा. तिथपर्यंत जायचं तर मधे पूल. म्हणजे सायकल गाडीतून न्यायला हवी. म्हणजे गाडी हवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री काढली, बायकोच्या सायकलीचा पट्ट्यांचा फर्मा केला, हॅन्डल, पायडल, मागचं कॅरियर सगळं धरून, आणि ताडपत्री परत टाकली.

स्वतःच्या आणि मुलीच्या सायकलींची त्यांना काळजी नव्हती. त्यांची चाकं दोन मिनिटांत निघतात. बायकोची सायकल जुन्या बांध्याची, जड, चेनकव्हरवाली, नटबोल्टांनी आवळलेली.

"हिचंही पुढचं चाक काढता येईल की, पाना घेऊन," वकीलबाई म्हणाली.

"नाही काढायचं."

"का पण?"

"चाक काढावं लागलं की तुझी आई म्हणणार, राहू दे आजच्या दिवस."

शोरूममध्ये मिस्त्री खांद्यावर फर्मा घेऊन शिरत आणि तिथली हवाच बदलत असे. एका ठिकाणी पहारेकऱ्याने दारातच अडवलं. दुसरीकडे टाय लावलेला सेल्समन धावत आला.

"सर, ही आमची खास फॅमिली कार. वर काचेचं छत. रात्री मुलांना तारे दिसतात."

"मागचं दार उघडा."

"सर, आधी पुढचा स्क्रीन तर बघा."

"मागचं दार."

दार उघडलं. फर्मा अर्धा आत गेला आणि अडला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "पोट मोठं, तोंड लहान. हे कपाट मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने माझ्या डोक्यात घातलं असतं."

"सर, सायकलसाठी वरती कॅरियर मिळतं ना."

"वर उचलणार कोण? हिच्या कमरेत सळई आहे."

"मग मागे रॅक लावू. पट्ट्यांनी बांधायच्या, मस्त लटकतात."

"लटकतात, तेच नको," मिस्त्री म्हणाले. "माझ्या पाठीमागे काय होतंय ते मला दिसलं पाहिजे."

सेल्समनला यातलं काही कळलं नाही. बायकोला कळलं असावं. ती प्रत्येक शोरूममध्ये एकच गोष्ट करायची. पुढच्या डाव्या सीटवर बसायची, उतरायची, पुन्हा बसायची. मिस्त्रींना वाटायचं, बिचारी कंटाळली.

पाच महिने असे गेले. एका गाडीच्या सीटा आडव्या व्हायच्या पण मधे पायरी राहायची. एकीत सगळं बसायचं, पण मग वकीलबाईला बसायला जागा नाही. ("मी बसने येते हो, तुम्ही सायकलीला घेऊन जा," ती म्हणाली.) एकीचा मागचा उंबरठा इतका उंच की सायकल आत घालायला दोन पैलवान हवेत. गल्लीत विचारणा सुरू झाली, गाडी बघताय की जावई? मिस्त्रींना त्याचं काही वाटत नव्हतं. ते पुन्हा बोलू लागले होते. जेवताना ताटाशेजारी गाड्यांची माहितीपत्रकं पसरून उंबरठ्याची उंची, दाराची रुंदी, आतली लांबी असं काही ना काही चालू असायचं. बायको ऐकून घ्यायची आणि हं म्हणायची.

शेवटी गाडी मिळाली ती जुनी, एका कुत्री पाळणाऱ्या बाईंची. सात माणसांची, लांबोडकी, दिसायला पावाच्या लादीसारखी. मागची रांग खाली सपाट, मधल्या रांगेतलं एक सीट वकीलबाईला उभं, उंबरठा गुडघ्याइतका. फर्मा एका हाताने सरकवला आणि तो पुढच्या चाकासकट आत जाऊन गपगुमान बसला. वर दोन बोटं जागा शिल्लक. मिस्त्रींनी दोनदा आत-बाहेर करून पाहिला. बायको पुढच्या सीटवर बसली, उतरली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "हीच घ्या."

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच असं काही म्हणाली होती. मिस्त्रींनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

शनिवारी दुपारी गाडी दारात आली. कार्पेटमधले कुत्र्याचे केस मिस्त्रींनी स्वतः ओल्या फडक्याने काढले. जुनी चादर अंथरली. मग ते जिन्याखाली गेले आणि त्यांनी ताडपत्री ओढली.

खाली एकच सायकल होती. तपकिरी, हॅन्डलवर जाळीची टोपली, दोन्ही टायर बसलेले. मावशींची.

ताडपत्री हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. बायको कठडा धरून सावकाश खाली आली.

"सायकल कुठे आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"दिली."

"कुणाला?"

"आमच्याकडे टपाल वाटायला नवी मुलगी आली आहे, तिला. चार महिने होऊन गेले."

"चार महिने?"

"तुम्ही फर्मा केलात ना, त्यानंतरच्या पंधरवड्यात."

मिस्त्री शेवटच्या पायरीवर बसले. चार महिने ते रोज सहा वेळा त्या जिन्यावरून गेले-आले होते. ताडपत्री उचलून बघावी असं एकदाही मनात आलं नव्हतं. फर्मा होता ना. फर्मा झाल्यावर मूळ वस्तूकडे बघायचं ते कशाला?

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही मला विचारलंत?"

मिस्त्री म्हणाले, "तूच म्हणाली होतीस, सपाट रस्ता असता तर बसून बघितलं असतं."

"म्हणाले होते. तुम्ही आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तर तुम्ही उठून पट्ट्या ठोकायला बसलात. मग म्हटलं, ठोकू दे. निदान बोलायला तरी लागलेत."

"आणि माझ्याबरोबर इतक्या गाड्या बघत हिंडलीस ती?"

"गाडी मला हवीच होती. बसची पायरी चढताना माझी कंबर ओरडते. कुठल्या सीटवर वाकावं लागत नाही ते बघत होते. तुम्ही मागे होतात, मी पुढे."

वर्कशॉपच्या दारात उभी असलेली वकीलबाई पहिल्यांदाच काही न विचारता आत गेली.

"मी तेव्हा मागे वळून बघायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले. दोन वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलत होते.

"उतारावर? मागे वळून? म्हणजे दोघं पडलो असतो आणि पोरीने दोन दवाखाने सांभाळले असते." ती त्यांच्या शेजारी बसणार होती, पण पायरी फार खाली होती. मग उभ्यानेच म्हणाली, "मला आता सायकलवर बसायचं नाही. भीती वाटते म्हणून नाही. वाटते, पण म्हणून नाही. झाली तेवढी पुरे झाली. हे तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं, कारण तुम्हाला ते तुमच्याबद्दल वाटलं असतं."

त्यांना ते तसंच वाटलं. अजूनही थोडं वाटतं. पुसला जाईल म्हणून ज्या दिवसाची वाट पाहिली, तो आहे तिथेच राहिला. फक्त त्याबद्दल आता घरात बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी, गाडी घेतलीच आहे म्हणून, तिघं तलावावर गेले. दोन सायकली चाकं न काढता आत बसल्या, वर भरपूर जागा उरली. बांधावर पोचल्यावर बायको मागचं दार उघडून उंबरठ्यावर बसली. गुडघ्याइतका उंबरठा. वाकावं लागलं नाही की उठताना कुणाचा हात लागला नाही. तिने थर्मासमधला चहा ओतला आणि वर्तमानपत्र काढलं. मिस्त्री तिच्यासमोरून तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या वेळेस ती ओरडली, "पुढे बघा."

तेव्हापासून बहुतेक रविवार असेच जातात. आठवडाभर गाडीतून प्लायवूड आणि कपाटांची दारं जातात. फर्मा वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आहे. मिस्त्री सांगतात, नमुना आहे.

राहता राहिली तपकिरी सायकल. हिरवी सायकल जिन्याखालून निघाली तेव्हा ताडपत्रीचं एक टोक मावशींनी धरलं होतं आणि मिस्त्रींना सांगितलं नव्हतं. त्याची थोडी टोचणी होतीच. म्हणून त्या शनिवारनंतर मावशी त्यांना म्हणाल्या, "माझी सायकल पडूनच आहे. गाडीत टाकून दुकानात न्या, टायर आणि ब्रेक बदलून आणा. असू दे घरात. कुणाचं मन कधी बदलेल सांगता येत नाही."

"पुढच्या रविवारी टाकतो," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्री, त्याला आता दीड वर्ष झालं. तुम्ही एकदा ताडपत्री उचललीत, टायर दाबून पाहिलेत आणि ताडपत्री परत नीट घातलीत, हे वरून दिसलं. सायकल तयार होऊन जिन्याखाली उभी राहिली असती तर रोज येता-जाता तुमच्या बायकोला पुन्हा विचारल्यासारखं झालं असतं. ते तुम्हाला कळलं आणि दुकानात न्या म्हणून सांगणारीला, म्हणजे मला, कळलं नव्हतं. दुकानात न्यायचं राहिलं आहे, ते राहू द्या.